बावखलातली गांधीजयंती

मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी खाली असतं, फार खाली, आणि ते वर आणण्यात बायकांचं आयुष्य जातं. बाहत्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी विहिरीच्या तळाशी उतरून, झऱ्यापाशी बसून, वाटीनं घागर भरायची. अंगावरून पाणी घेणं हे तेव्हा सणासुदीचं काम होतं. त्यामुळे ऐंशीच्या सुमाराला लग्न होऊन मी वसईला आले आणि गिरीजमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीचं मागचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा माझा पायच पुढे पडेना.

दाराबाहेर केळीची वाडी होती. वाडीच्या टोकाला माडांची रांग आणि माडांच्या बुंध्याशी काठोकाठ भरलेलं हिरवंगार तळं. वसईत त्याला बावखल म्हणतात. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, आसपासच्या विहिरी त्याच्या जिवावर जिवंत राहतात आणि वाड्यांना उन्हाळाभर पाणी मिळतं. गावाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. मी मात्र चौकट धरून उभी राहिले.

“घाबरलीस?” मागून घरमालकीण म्हणाली.

“एवढं पाणी,” मी म्हटलं, “असंच उघड्यावर असतं?”

ती मोठ्यानं हसली. “मग काय कुलपात ठेवायचं?”

या घरमालकिणीला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागले. साठीच्या आसपासची ख्रिस्ती बाई, काटक, उन्हानं रापलेली. गावातल्या जुन्या बायकांसारखं चौकडीचं लाल लुगडं नेसायची. नवरा वारला होता, मुलगा आखातात नोकरीला होता, सून मुंबईत नर्स होती आणि सुट्टी मिळेल तशी घरी येऊन जायची. चौथीत शिकणारी नात आजीपाशी राहायची. मावशी नातीशी आपल्या घरच्या बोलीत बोलायची. त्यातलं मला सुरुवातीला अर्धंही कळत नसे. माझ्याशी बोलताना मात्र ती जरा थांबून, शब्द निवडून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची आणि मध्येच कंटाळून पुन्हा आपल्या वळणावर जायची.

माझे यजमान सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करत. सकाळी सायकल काढून ते पूर्वेला निघून जात. माझं डी.एड. झालेलं होतं आणि नशिबानं गावातल्याच मराठी शाळेत मला जागा मिळाली. शाळा बावखलाच्या पलीकडच्या काठाला होती. अलीकडे मावशीची वाडी, पलीकडे शाळा. मधून पोहत गेलं तर दोन मिनिटांची वाट, पण मी काठाकाठानं, कुंपणाला हात लावत, लांबचा वळसा घालून जायची. पावसाचा जोर असला की पाणी पायवाटेला टेकलेलं असायचं. तेव्हा मी रस्त्यावरून, आणखी लांबून जायची. मुलं विचारायची, “बाई, तुम्ही तिकडून का येता?” मी सांगायची, “तिकडं चिखल असतो.”

शाळेतले हेडगुरुजी निवृत्तीला आलेले होते. खादीचा सदरा, खादीचं धोतर, आणि खिशात टकळी. तरुणपणी चळवळीत ते काही महिने तुरुंगात होते असं लोक सांगत. स्वतः ते त्याबद्दल बोलत नसत. वर्षभर ते मवाळ असायचे, पण दोन ऑक्टोबर जवळ आला की त्यांच्यात वारं शिरायचं. बाकीच्यांच्या लेखी गांधीजयंती म्हणजे सुट्टी. आमच्या शाळेत मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी सर्वांनी यायचंच, असा शिरस्ता होता. प्रभातफेरी, मग तसबिरीला सुताचा हार, मग गुरुजींची टकळी, मग साफसफाई, मग गुरुजींचं भाषण, आणि शेवटी खाऊ. भाषण लांबलचक असायचं. खाऊ शेवटी ठेवण्यामागे तेच कारण असावं.

मी आले त्याच वर्षी पावसात बावखलात जलपर्णी माजली होती. शाळेकडच्या बाजूला पाणी दिसेनासं झालं होतं आणि डासांनी मुलं फोडून काढली होती. सप्टेंबरच्या अखेरीला गुरुजी म्हणाले, “यंदा व्हरांडा झाडायचा नाही. तो रोजच झाडतो आपण. पुढे तसबिरीला हार घालायचा आणि मागे घाण ठेवायची, हे मला पटत नाही. यंदा बावखल.”

गावात निरोप गेला. माझ्या मनात आलं, सुट्टीच्या दिवशी कोण येणार? ऑक्टोबर हा ख्रिस्ती घरांत जपमाळेचा महिना, शिवाय भाताची कापणी तोंडावर आलेली. पण सकाळी फेरी फिरून शाळेत परतली तेव्हा बावखलाच्या काठावर निम्मा गाव उभा होता. कुणी कोयते आणले होते, कुणी लांब बांबूला लोखंडी आकडे बांधून आणले होते. चार जवान गडी केळीच्या खांबांचा तराफा करून आधीच पाण्यात उतरले होते. ते मधली जलपर्णी कापून काठाकडे ढकलायचे, काठावरची माणसं आकड्यानं ओढून घ्यायची, आणि मोठी मुलं ती पाट्यांत भरून वाडीत नेऊन टाकायची. लहान मुलांना पाण्यापासून लांब ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ते काम मला मनापासून आवडलं, कारण त्या निमित्तानं मलाही लांब राहता येत होतं.

मावशी मात्र आली नव्हती. ती पलीकडच्या काठावर आपल्या वाडीत वाकून काहीतरी खुरपत होती. नातीला मी विचारलं, “आजी का नाही आली?”

“आजी म्हणते, माझ्या बाजूचं मी रोज साफ करते,” नात म्हणाली. “ज्यांनी केलं नाही त्यांनी जयंती करावी.”

दहाच्या सुमाराला ऊन चढलं. मी मुलांना पाणी देत होते. शाळेच्या मागच्या बाजूला बावखलात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. त्यांवरची जलपर्णी नुकतीच काढल्यामुळे खालचं शेवाळ उघडं पडलं होतं. मावशीची नात तांब्या विसळायला म्हणून त्या पायऱ्यांवर उतरली. मी ओरडले, “मागे ये!” आणि तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी तिचा पाय सरकला. नुसता डुबुक असा आवाज झाला. तांब्या पायरीवर वाजला, आणि पोर दिसेनाशी झाली.

पुढचं मी विचार करून केलं असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. मला पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं. त्या पाण्याची मला किती धास्ती होती हेही मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. पोर पाण्यात गेली एवढंच होतं. मी दोन पायऱ्या उतरले, तिसरीवर घसरले, आणि गेलेच.

पाणी थंड होतं. वरून हिरवं दिसणारं ते पाणी आतून चहासारखं तपकिरी होतं. साडी फुग्यासारखी वर आली आणि मग एकदम जड होऊन पायांना गुंडाळली. मी हात मारत होते, पण हाताला लागत होत्या त्या जलपर्णीच्या मुळ्या, केसांसारख्या. तोंड उघडलं की पाणी. एकदा डोकं वर आलं तेव्हा काठावरची माणसं दिसली, सगळी ओरडत होती, पण मला ऐकू येत नव्हतं. पुन्हा खाली गेले. आई आठवली. आईला कोण सांगणार, आणि सांगितलं तर तिला ते खरं कसं वाटणार, की आपली लेक पाण्यात बुडून गेली? आमच्या गावात पाण्याअभावी माणसं गेलेली होती. पाण्यात बुडून कुणी गेल्याचं मला आठवत नव्हतं.

मग कुणीतरी माझा अंबाडा धरला.

“मला मिठी मारू नकोस!” कानापाशी आवाज आला. “हात सोड. हात सोड म्हणते ना! वर बघ, आभाळाकडे बघ!”

मी आभाळाकडे पाहिलं. माझं तोंड पाण्याच्या वर होतं. मागून एक काटक हात मला केसांना धरून ओढत होता. पाठीला पायरी टेकली, कुणीकुणी मला वर घेतलं, पालथं केलं, आणि मी पोटातलं सगळं पाणी ओकले.

डोळे उघडले तेव्हा समोर मावशी. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, पांढरे केस चेहऱ्याला चिकटलेले. खुरपं टाकून तिनं पलीकडून सरळ उडी मारली होती आणि तराफ्यावरचे गडी जलपर्णीत अडकलेले आणि काठावरचे आकड्याचे बांबू शोधत असताना ती सगळं बावखल पार करून माझ्यापर्यंत आली होती.

मी कसंबसं विचारलं, “पोर? पोर कुठाय?”

पोर माझ्या शेजारीच बसली होती. ओली, पण ठणठणीत. मी पाण्यात पडते न पडते तोच ती दुसऱ्या बाजूनं वर येऊन पायरीवर चढली होती. तिला बेडकासारखं पोहता येत होतं. मावशीनं तिला ती पाच वर्षांची असतानाच शिकवलं होतं. जूनमध्ये मी आले तेव्हापासून पाऊसच होता, कुणी बावखलात उतरलंच नव्हतं, म्हणून मला ते माहीत नव्हतं. वाचवायला निघालेली मी एकटीच काय ती बुडत होते.

हे सगळ्यांच्या लक्षात आलं तेव्हा मागच्या रांगेतून हसू फुटलं. आधी मुलांतून, मग मोठ्यांतूनही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इतक्यात मावशी उभी राहिली.

“कोण हसलं?” ती म्हणाली. “पोहता येणाऱ्यानं उडी मारली तर त्यात काय मोठं? मी मारली, माझं काय गेलं? हिला येत नव्हतं. हिला रोज पाण्याची भीती वाटते, काठाकाठानं जाते, मी बघते की दारातून! तरी उतरली. कुणासाठी? माझ्या नातीसाठी. आता हसा.”

कुणी हसलं नाही. नात माझ्या दंडाला बिलगली आणि रडायला लागली, मग मीही रडले.

मला वाटलं, आता कार्यक्रम संपला. पण गुरुजी शिस्तीचे. मावशीनं मला घरी नेऊन तिचं स्वतःचं कोरडं लुगडं नेसवलं, कारण माझ्या पेटीपर्यंत जायलाही तिला थांबायचं नव्हतं, आणि मला परत शाळेत आणून बसवलं. चौकडीचं लाल लुगडं, ओले केस, हातात आल्याचा चहा, अशी मी मुलांच्या रांगेत बसले आणि गुरुजींनी भाषण केलं. पूर्ण केलं, एक वाक्य गाळलं नाही. मिठाचा सत्याग्रह आला, चरखा आला, अस्पृश्यता आली. मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही, कानात पाणी होतं. पण शेवटी ते थांबले, आणि दरवर्षीच्या भाषणात नसलेलं एक वाक्य बोलले. म्हणाले, “भीती वाटत नाही तो निर्भय, असं मी आजवर तुम्हाला शिकवत आलो. ते दुरुस्त करून घ्या. भीती वाटते आणि तरीही जो जातो, तो.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. टकळी खिशात घातली आणि खाऊ वाटायला सांगितला.

त्या संध्याकाळी आमच्या दारात माणसांची रीघ लागली. ज्यांची मला नावंही ठाऊक नव्हती अशा बायका आल्या. कुणी वेलची केळ्यांची फणी ठेवली, कुणी अंडी, कुणी परसातली वाल-पापडी. पाचूबंदरहून रोज मासे घेऊन येणारी कोळीण, जिच्याकडून मी कधी काही घेतलंही नव्हतं, टोपली उतरवून म्हणाली, “बाई, पानी प्यालीस म्हनं आमच्या वसईचं? आता तू कुठं जात नाय हितून.” आणि हसत हसत मूठभर सुके बोंबील माझ्या ओट्यावर ठेवून गेली. यजमान सातिवलीहून आले ते घाबरेघुबरे. त्यांच्या कारखान्याला त्या दिवशीही सुट्टी नव्हती, आणि वाटेत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मास्तरीणबाई बुडाल्या. पुढचं वाक्य ऐकायला ते थांबलेच नव्हते. मला लाल लुगड्यात ओट्यावर बसलेली पाहून त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ते हँडल धरूनच उभे राहिले.

दिवेलागणीला मावशीच्या घरात जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. त्या महिन्यात आळीतल्या बायका रोज कुणा ना कुणाच्या घरी जमत. त्या दिवशी मावशीकडे होती. मी आमच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकत होते. प्रार्थनेचे शब्द मला पाठ नव्हते, पण एका ठिकाणी सगळ्यांचा आवाज थांबला आणि मावशी एकटी बोलली. आपल्या बोलीत. मला त्यातले दोनच शब्द कळले. एक नातीचं नाव, आणि दुसरं माझं. मी परगावची, परधर्माची, जेमतेम चार महिने तिच्या खोलीत राहिलेली भाडेकरू. माझं नाव तिनं नातीच्या नावाला जोडून देवापुढे घेतलं होतं. मला माझं माहेर तिथे मिळालं. त्याआधी मी गिरीजला नुसती राहत होते.

दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, एका रविवारी दुपारी मावशी दोन सुके नारळ घेऊन आली. आत पाणी आटलेले, सालीसकट, एका दोरीनं जोडलेले.

“चल,” ती म्हणाली.

“कुठं?”

“जिथं बुडालीस तिथं.”

“मावशी, मला नाही जमायचं. आमच्याकडं...”

“तुमच्याकडं पाणी नाही, ठाऊक आहे मला. इथं आहे. दारात पाणी आणि बाईला पोहता येत नाही, हे माझ्या बापाला चाललं नसतं. आम्ही बहिणी बहिणी, सगळ्यांना त्यानं शिकवलं. लोक म्हणायचे, पोरींना कशाला? तो म्हणायचा, बावखल काय मुलगा-मुलगी बघून बुडवतं?”

मी जुनं पातळ गुडघ्यापर्यंत खोचून उतरले. नारळ काखेखाली, दोरी छातीवर. नात काठावरून सूचना देत होती. पहिले काही रविवार मी पायरी सोडलीच नाही. मावशी चिडली नाही. ती नुसती पाण्यात उभी राहून माझ्या पाठीखाली हात धरायची आणि गप्पा मारायची, वाडीच्या, सुनेच्या, केळ्यांची सुकेळी कशी वाळवतात त्याच्या. गप्पा ऐकता ऐकता एकदा माझ्या लक्षात आलं की तिचे दोन्ही हात तर केव्हाचे वर आहेत, ती पदरानं तोंड पुसते आहे. आणि मी पाण्यावर तशीच पडलेली आहे. वर माडांच्या झावळ्या, मध्ये आभाळाचा तुकडा, कानांत आतून येणारा आवाज, बहुधा माझ्याच श्वासाचा. आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्यानं उचललं होतं. तोवर मीच त्याला उचलत आले होते.

उन्हाळ्यापर्यंत मी नारळांशिवाय अलीकडून पलीकडे जाऊ लागले. यजमानांना मावशीनं फार आग्रह केला. ते गुडघाभर पाण्यात उतरले, अंगावर शहारा आला, आणि म्हणाले, “मावशी, मी लेथवरच बरा.”

पुढच्या सप्टेंबरात गुरुजींनी मला बोलावलं. ते वर्ष त्यांच्या नोकरीचं शेवटचं. म्हणाले, “यंदा जयंतीला पाहुण्या म्हणून तुमच्या मावशींना बोलवायचं आहे.”

मावशी ऐकेचना. “मी काय पुढारी आहे? मला भाषण येत नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले.” मग स्वतःच विचार करून म्हणाली, “येईन. पण भाषण नाही. पोरींना पाण्यात घालते. चालेल गुरुजींना?”

गुरुजींना चालणार होतं. गावाला चालेल की नाही ते ठाऊक नव्हतं. मुलगे सगळे पोहायचे, पण मुली कळत्या वयात आल्या की त्यांना काठावरूनच हाकलत. मावशी आणि मी घरोघरी गेलो. मी शिक्षिकेसारखी समजावून सांगायची, आरोग्य, व्यायाम वगैरे. मावशी माझं बोलणं संपेपर्यंत थांबायची आणि मग त्या घरच्या बाईला एवढंच विचारायची, “तुला येतं का ग पोहायला?” बहुतेकींना येत नव्हतं. “भीती वाटते ना पोर काठावर गेली की? मग?” एका घरी सासरेबुवा नको म्हणत होते. त्यांची म्हातारी आतून ओरडली, “जाऊ दे तिला! माझी हौस राहिली ती राहिली.”

नेमकी त्याच आठवड्यात माझी आई गावाहून आली. मला दिवस गेले होते, म्हणून ती पहिल्यांदा वसईला आली होती. घागरी वाहून वाकलेली, उन्हात सुरकुतलेली माझी आई. मागचं दार उघडून मी तिला बावखल दाखवलं. ती नुसती हात जोडून उभी राहिली.

दोन ऑक्टोबरला तसबिरीला हार घालून झाला. पाहुण्या म्हणून मावशीला खुर्ची दिली होती, तिच्यावर ती जेमतेम टेकली होती. गुरुजींनी तिला दोन शब्द बोलायची विनंती केली. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “पोरींनो, पाण्याला भ्यायचं नाही आणि पाण्याशी मस्ती करायची नाही. चला.” एवढंच. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं भाषण आवरतं घेतलं. मुलींनी आधीच परकर खोचले होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

पायऱ्या आदल्या दिवशी गड्यांनी घासून काढल्या होत्या. मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी, तिच्या बाजूला नात, आता पाचवीतली, मोठ्या ऐटीत. एकेक मुलगी नारळ बांधून उतरत होती. किंकाळ्या, हसणं, पाण्याचे फवारे. काठावर त्यांच्या आया उभ्या, आधी तोंडावर पदर घेऊन, मग तो कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. माझ्या अवस्थेत मला पाण्यात उतरायला मावशीनं सक्त मनाई केली होती, म्हणून मी आईला घेऊन वरच्या पायरीवर बसले होते.

आई पुढे वाकून मुलींकडे बघू लागली. मग म्हणाली, “लेकी पान्यात ख्योळत्यात, आन कुनी वरडत न्हाई गं त्यास्नी.”

मग तिनं हळूच पाय पाण्यात सोडले. मावशीनं ते पाहिलं. ती मुलींना नातीच्या हवाली करून आमच्याकडे आली आणि आईपुढे दोन्ही हात केले. दोघींना एकमेकींची बोली धड कळत नव्हती. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “काय म्हनत्यात?”

“चल म्हणतायत.”

“आगं, मी म्हातारी...”

“तिलाही साठच झालीत.”

आईनं एकदा इकडेतिकडे पाहिलं, लुगडं खोचलं आणि मावशीचे हात धरून एकेक पायरी उतरली. गुडघ्याला पाणी आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. तिथे ती थांबली. डोळे मिटले. मावशी तिच्याशी आपल्या बोलीत काहीतरी बोलत होती, आणि आई मान हलवत होती, जणू सगळं समजतंय. तिला पोहायचं नव्हतंच. ती नुसती उभी राहिली, दोन्ही तळवे पाण्यावर पालथे ठेवून, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावेत तसे. किती वेळ, ते मी पाहिलं नाही. मला बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

त्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. सुईणीच्या आधी मावशी हजर होती. पुढे आम्ही गिरीजमध्ये बरीच वर्षं राहिलो. यजमानांनी सातिवलीतच दुसऱ्या कारखान्यात चांगली जागा मिळवली, मी त्याच शाळेत शिकवत राहिले. गुरुजी निवृत्त होऊन भुईगावला मुलीकडे राहायला गेले, पण दोन ऑक्टोबरला सकाळी ते रिक्षातून येत आणि पायऱ्यांशेजारी टकळी फिरवत बसत. मुलींचं पोहणं हा शाळेच्या जयंतीचा भाग होऊन गेला. त्यातल्या कितीजणी आज आज्या झाल्या असतील. बाजारात भेटल्या की आधी पोहण्याचीच आठवण काढतात, मी शिकवलेल्या पाढ्यांची कुणी काढत नाही. माझी मुलगी चालायला लागली त्याच उन्हाळ्यात मावशीनं तिला पाण्यात नेलं. आईनं गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं की माझी नात पाण्यातच वाढते आहे. तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

मावशी गेली ती उतारवयात, घरात, आपल्या माणसांत. नात तोवर बापासारखीच आखातात नोकरीला होती, तिथून आली होती. चर्चमध्ये मी तिच्या घरच्या बायकांबरोबर पुढच्या बाकावर बसले. मला कुणी तिथे बसवलं नव्हतं आणि कुणी उठवलंही नाही. जे मला तिनं दिलं त्याला आभार हा शब्द तोकडा आहे, पण माझ्याकडे दुसरा नाही, म्हणून तोच इथे लिहून ठेवते.